मुलीच्या नकाशावर पाचच जागा : अँकोट्समधल्या कोणत्या दाखवू?

निळीशाई (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मँचेस्टरला आलो आणि अँकोट्समध्ये घर भाड्याने घेतलं. घर म्हणजे जुन्या सूतगिरणीचा एक तुकडा. विटांच्या उघड्या भिंती, उंच खिडक्या आणि बैठकीच्या खोलीत मधोमध ओतीव लोखंडाचा खांब. लेक त्या खांबाला 'आजोबा' म्हणते, कारण तो हलत नाही आणि त्याला टेकून बसता येतं.

लेक नऊ वर्षांची आहे. शाळेत तिला आपल्या वस्तीचा नकाशा काढायचाय. नकाशावर फक्त पाच जागा आणि प्रत्येक जागेखाली दोन वाक्यं. मी तिला गिरण्या सांगितल्या, तर म्हणाली, "त्या सगळेच काढणारेत. मला माणसं हवीत." आता आली का पंचाईत?

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. व्हिडिओ कॉलवर आईला घर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ खांबाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा आयुष्यभर भोंगा होऊन बाहेर पडायची वाट बघायचे गं. आणि तू आत राहायला गेलीस." तेव्हापासून मलाही हा नकाशा नीट व्हायला हवाय.

मँचेस्टरकर आणि गिरणगावकर दोघांनीही सांगा : कोणत्या पाच जागा, आणि का?

घारेडोळे

वाचतोय. खांबाला आजोबा म्हणणाऱ्या मुलीला आधी शंभरपैकी शंभर.

ओल्डहॅमकर

निळीशाई, एकतीस वर्षं याच भागात दवाखाने आणि इस्पितळांत काढली आहेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

अँकोट्स अगदी लहान आहे. एका बाजूला ग्रेट अँकोट्स स्ट्रीट, दुसरीकडे ओल्डहॅम रोड, खाली रॉचडेल कालवा. रमतगमत चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत आरपार. एवढ्याशा जागेत १७९० नंतर जे घडलं त्याने जग बदललं. त्याआधी सूतगिरणीला नदीचं पाणी लागायचं, म्हणून गिरण्या डोंगरकडेच्या खेड्यांत होत्या. वाफेचं इंजिन आलं आणि गिरणी शहरात उभी राहू लागली. ॲडम आणि जॉर्ज मरे या भावांची ओल्ड मिल १७९८ची. वाफेवर चाललेल्या गिरण्यांपैकी मँचेस्टरमध्ये आज उभी असलेली सगळ्यांत जुनी ती. शेजारी मॅककॉनेल आणि केनेडी. मरे बंधू आणि हे दोघे, सगळे स्कॉटलंडच्या एकाच भागातले. पोरवयात काम शिकायला मँचेस्टरभोवतीच्या लँकेशरात आले आणि पुढे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून मालक झाले.

लेकीला गिरणी नको असेल तर गिरणीच्या पोटातलं पाणी दाखवा. मरेंच्या गिरण्या चौकासारख्या आहेत आणि त्या चौकात होड्यांसाठी धक्का होता. १८०४ साली कालवा पुरा झाला. त्याचं पाणी रस्त्याखालच्या बोगद्यातून थेट चौकात आणलेलं. कोळसा आणि कापूस आत, सूत बाहेर. मुलांना बोगदा आवडतो, हा माझा नातवंडांवरचा अनुभव आहे.

इचलकरंजीकर

डॉक्टरसाहेब, सुंदर लिहिलंत. मी यंत्रमागवाला, म्हणून माझं लक्ष यंत्राकडे.

अँकोट्सचं नाव होतं बारीक सुतासाठी. क्रॉम्प्टनच्या म्यूलवर ते निघायचं. हा म्यूल म्हणजे शेकडो चात्या बसवलेला लांबलचक गाडा. तो पुढे येताना सूत ओढतो आणि पीळ देतो, मागे जाताना गुंडाळतो. पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसभर. बारीक सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून आत गरम आणि दमट हवा कोंडून ठेवायची. जमीन तेलकट, माणसं अनवाणी. गाडा चालू असतानाच तुटलेले धागे जोडायला लहान पोरं ठेवलेली असत, तुमच्या लेकीच्या वयाची. एक वाक्य त्या पोरांवर हवंच.

अवांतर : मुंबईत सूत कातायच्या ज्या खात्याला 'त्रासन खातं' म्हणायचे तो शब्द इंग्रजी 'थ्रॉसल'वरून आलाय. थ्रॉसल म्हणजे एक गाणारा पक्षी. सूत कातायचं ते यंत्र चालताना जो आवाज करायचं त्यावरून लँकेशरच्या लोकांनी त्याला पक्ष्याचं नाव दिलं. आमच्याकडे येईपर्यंत त्याचा त्रास झाला.

निळीशाई

बाप रे, त्रासन! आजीच्या तोंडी हा शब्द असायचा, "शेजारचे भाऊ त्रासनात आहेत" म्हणून. मला वाटायचं ते फार त्रासात आहेत. लहानपणी मी त्यांना माझ्यातली बर्फी द्यायचे.

घारेडोळे

बर्फी योग्य माणसाला गेली. त्रास होताच की त्या खात्यात.

पुस्तकीकिडा

सगळं छान चाललंय, पण एक गोष्ट राहतेय. या बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागायचा. तो सुरुवातीला मुख्यतः अमेरिकेच्या जॉर्जिया-कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचा 'सी आयलंड' कापूस होता आणि वेचणारे हात गुलामांचे होते. अँकोट्सची गोष्ट कालव्यापासून सुरू केली की ते हात दिसतच नाहीत. दुसरीकडे आपल्याकडच्या हातमागवाल्यांचा धंदा याच काळात यंत्राच्या सुता-कापडापुढे बसला. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. तिने 'माणसं हवीत' म्हटलंय ना?

ओल्डहॅमकर

पुस्तकीकिडा, पूर्ण सहमत. आणि त्याला जोडून एक गोष्ट. १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापूस येईना आणि लँकेशरात लाखो लोक उपाशी राहायची पाळी आली. तरी ३१ डिसेंबर १८६२ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि गुलामगिरी संपवायला निघालेल्या लिंकनला त्यांनी पाठिंब्याचं पत्र धाडलं. लिंकनने १९ जानेवारी १८६३ला उत्तर दिलं. शहरात लिंकनचा पुतळा आहे, चौथऱ्यावर ही हकीकत कोरली आहे. पुतळा अँकोट्सच्या बाहेर आहे, पण चालत जाता येतं. नकाशाच्या कडेला एक बाण काढू द्या तिला.

इचलकरंजीकर

त्याच कापसाच्या दुष्काळात आपला 'सुरत' कापूस लँकेशरात आला. आखूड धागा, कचरा फार, सारखा तुटायचा. तिथले कामगार वैतागले होते त्याला. पण त्या चार वर्षांत मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला आणि युद्ध थांबताच कित्येकांचं दिवाळं निघालं. म्हणजे तो बाण दोन्हीकडे काढावा लागेल, एक अमेरिकेकडे, एक मुंबईकडे.

सावनी_नॉटिंगहॅम

गांधीजी इथल्या गिरणीत आले होते ना? बायकांच्या घोळक्यातला तो फोटो? तीच जागा दाखवा की!

ओल्डहॅमकर

सावनीताई, ते १९३१च्या सप्टेंबरात आले खरे, पण डार्वेनला. तेही लँकेशरच, पण इथून बरंच उत्तरेला. बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्याच कामगारांनी त्यांचं स्वागत केलं. अँकोट्सच्या नकाशात मात्र बसणार नाही.

खादाडखंडू

एवढा वेळ कोणी आइस्क्रीमचं नाव काढलं नाही म्हणजे काय!

मंडळी, अँकोट्स म्हणजे मँचेस्टरचं 'लिटल इटली'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावांतून इटालियन कुटुंबं इथे आली. रस्त्यावर वाजवायच्या पेट्या आणि आइस्क्रीम हे त्यांचे धंदे. हिवाळ्यात पेटी, उन्हाळ्यात आइस्क्रीमची ढकलगाडी. तेव्हा आइस्क्रीम जाड काचेच्या छोट्या पेल्यात मिळायचं. चाटून झालं की पेला परत द्यायचा, तो जेमतेम विसळून पुढच्या गिऱ्हाइकाला. अशाने रोग पसरतात म्हणून ओरड झाली. तेव्हा खाता येतील अशा बिस्किटाच्या वाट्या भाजायचं यंत्र मँचेस्टरच्या आंतोनिओ वाल्वोना यांनी काढलं. १९०२चं त्याचं अमेरिकन पेटंट आहे. आपण कोन खातो त्याच्या वाडवडिलांपैकी एक या गल्ल्यांतला.

एक जागा आइस्क्रीमची. मुलीला विचारा, ती माझ्या बाजूने मत देईल.

निळीशाई

खंडूदादा, मत मिळालं! तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर शाईचा पहिला ठिपका जर्सी स्ट्रीटजवळ पडला. पेन्सिलने काढ म्हणत होते.

ओल्डहॅमकर

या गोष्टीचा दुसरा भागही तिला कधीतरी सांगा, थोडी मोठी झाली की. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि रातोरात ही माणसं 'शत्रू' ठरली. ज्याच्याकडून शनिवारी आइस्क्रीम घेतलं त्याला सोमवारी पोलीस घेऊन गेले. कॅनडाला कैदी नेणारं 'अरांडोरा स्टार' जहाज २ जुलै १९४०ला जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं, आठशेहून जास्त माणसं गेली. त्यांत मँचेस्टरचे इटालियनही होते. माझ्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशंटचे वडील त्या रात्री पकडले गेले होते. ते परत आले, पण घरी इटालियन बोलणं बंद झालं ते कायमचं, असं ती सांगायची. तपासून झाल्यावरही ती खुर्चीतून उठायची नाही. मीही पुढच्या पेशंटला बोलवायची घाई करायचो नाही.

सावनी_नॉटिंगहॅम

डॉक्टर, हे वाचून गप्प झाले. काही शब्द असे घरातून निघून जातात.

घारेडोळे

विषय थोडा हलका करतो. अँकोट्समध्ये बेंगाल स्ट्रीट आहे आणि तिथल्या पोरांच्या टोळीचं नाव होतं 'बेंगाल टायगर्स'! १८७०-९०च्या सुमाराची गोष्ट. अशा टोळ्यांतल्या पोरांना 'स्कटलर्स' म्हणत. पायात पितळी टोकांचे लाकडी बूट, हातात कमरेचा पट्टा, बकल पुढे. या गल्लीतल्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. यातूनच पुढे मुलांसाठी क्लब आणि फुटबॉल सुरू झाले.

मृद्गंधा

आणि अनिता स्ट्रीट! अँकोट्समध्ये अनिता नावाचा रस्ता आहे हे कोणी सांगितलंच नाही! मी मँचेस्टरला शिकायला होते तेव्हा माझ्या मावशीला (तीही अनिता) पाटीखाली उभं करून फोटो काढला होता.

घारेडोळे

अनितामावशीचं गिरणीत योगदान काय?

मंजिरी_वास्तुविशारद

मावशींचं माहीत नाही, पण रस्त्याचं सांगते, कारण मला ही पाटी फार आवडते. रस्त्याचं मूळ नाव सॅनिटरी स्ट्रीट. इंग्रजी अक्षरांतलं पहिलं एक आणि शेवटची दोन काढून टाका, मधे 'अनिता' उरते. रहिवाशांना पुढे ते नाव नकोसं झालं, म्हणून हा बदल.

पण 'सॅनिटरी' हे नाव तेव्हा अभिमानाने ठेवलं होतं, हे विसरू नका. या वस्तीत एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली, तळघरात माणसं राहायची, अख्ख्या गल्लीला मिळून एखादा संडास. १८९०च्या दशकात मँचेस्टर पालिकेने ओल्डहॅम रोडजवळची जुनी घरं पाडून स्वतः घरं बांधली. १८९४ची व्हिक्टोरिया स्क्वेअर ही पालिकेने बांधलेली शहरातली पहिली वसाहत. पाच मजले, मधे मोठं अंगण, अंगणाच्या बाजूने सज्जे, कोपऱ्यांच्या मनोऱ्यांत कपडे धुवायची सोय. दोन बिऱ्हाडांत मिळून मोरी आणि संडास. फोटो बघितलात तर म्हणाल, ही तर आपली चाळ! आणि तिच्या मागेच अनिता स्ट्रीटची छोटी टुमदार घरं. दोन्हींत आजही माणसं राहतात.

माझं मत या दोन्हींना मिळून एक जागा म्हणून.

काळाचौकी

मी इथे क्वचित लिहितो. हा धागा दोन दिवस वाचतोय, आज राहवलं नाही.

माझे वडील बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो. डॉक्टर सामंतांच्या सभांना खांद्यावर पंचा टाकून जायचे. संप कधी संपला असं कुणी जाहीर केलं नाही. आमच्या घरात तो अजून संपलेला नाही. आई खानावळ चालवायची, गाववाले जेवायला यायचे. संपात सहा महिने तिने उधारीवर जेवू घातलं, मग भांडी विकली. वडील ज्या गिरणीत होते तिथे आता काचेची इमारत आहे. चिमणीही नाही.

ताई, तुम्ही लिहिलेल्या घराचे फोटो मी शोधून पाहिले. भिंती, खांब, खिडक्या, सगळं किती जपलंय! पाहून बरं वाटलं आणि खरं सांगतो, पोटात तुटलंही. कारण मला प्रश्न पडला, जपलं कुणासाठी? त्या म्यूलवर अनवाणी उभं राहणाऱ्यांची पतवंडं आज तिथे भाडं भरू शकतात का? आमच्याकडे विटा गेल्या, पण गणपतीत अजून त्याच चाळींतली माणसं लेझीम धरतात, भजनी मंडळं आहेत, म्हाडाच्या सोडतीच्या रांगेत वारस उभे आहेत. वस्ती म्हणजे ते. लेकीला इमारत काढू देऊ नका. जिथे माणसं अडून बसली ती जागा काढा.

मंजिरी_वास्तुविशारद

काळाचौकी काका, तुमचं दुःख कळतं, तरी एका मुद्द्यावर भांडते.

या विटा आपोआप राहिल्या नाहीत. गिरण्या एकेक करत बंद पडल्या, छपरं गळली, आगी लागल्या, कबुतरं राहायला आली. १९८९मध्ये हा भाग संवर्धन क्षेत्र जाहीर झाला, तोवर बरंच पडलंही होतं. जे उरलं ते उभं राहिलं म्हणून आज एक नऊ वर्षांची मुलगी खांबाला टेकून विचारते की इथे कोण होतं. लालबागमध्ये काचेच्या इमारतीत राहणारी मुलगी हे कशाला टेकून विचारेल? माझ्या मते विटाही हव्यात. सेंट पीटर्स चर्च बघा. १८६०च्या आसपासचं, आत ओतीव लोखंडाचे खांब. कित्येक वर्षं ओस होतं, आता तिथे हॅले वाद्यवृंद तालीम करतो. भिंत नसती तर सूर कुठे राहिले असते?

भाड्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

काळाचौकी

मंजिरीताई, टेकायला काहीतरी हवं हे मान्य. हे मला सुचलं नव्हतं.

ओल्डहॅमकर

काका, माणसं जिथे अडून बसली ती जागा अँकोट्समध्ये आहे. खरं तर पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवी होती.

ओल्ड मिल स्ट्रीटवरची अँकोट्स डिस्पेन्सरी. दवाखाना १८२८ला सुरू झाला, आजची इमारत १८७०च्या दशकातली. सुरुवातीला तिथे जेम्स के नावाचा तरुण डॉक्टर होता. १८३२ला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तो याच गल्ल्यांत घरोघर फिरला. घरात ओल किती, सांडपाणी कुठे जातं, माणसं खातात काय, असं सगळं नोंदवून त्याने त्याच वर्षी छापलं. त्याची काही मतं, विशेषतः आयरिश लोकांबद्दलची, आज वाचवत नाहीत. पण रोगाचं मूळ घरात आणि गटारात शोधावं, हे त्याने दाखवलं. मार्क्सचा साथीदार एंगल्स, त्याने पुढे याच वस्तीबद्दल लिहिलं तेव्हा केचं लिखाण त्याच्यासमोर होतं. आणि चित्रकार लाउरीने १९५२ला इथल्या बाह्यरुग्ण कक्षाचं चित्र काढलं. बाकांवर वाट बघत बसलेली माणसं. ती बाकं मला पाठ आहेत.

१९८७ला अपघात विभाग बंद झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी तो ताब्यात घेऊन तिथेच ठाण मांडलं. विभाग वाचला नाही, पण वस्तीला दवाखाना मिळाला. पुढे इमारत पाडायची ठरली तर पुन्हा लोक, यावेळी बहुतेक म्हाताऱ्या बायका, बाहेर फलक घेऊन उभ्या राहू लागल्या, पावसापाण्यात, रोज. मी एकदा सहज थांबलो तर हातात थर्मासचा चहा आला आणि मग तासभर प्रत्येकीने आपण इथे कधी, कशासाठी आलो होतो ते सांगितलं. एकीचे टॉन्सिल, एकीचं पहिलं बाळ, एकीच्या नवऱ्याचा शेवट. आता दर्शनी भिंती राखून मागे परवडणाऱ्या भाड्याची घरं झाली आहेत. काका, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही हे, पण त्या बायकांनी अडवलं नसतं तर एवढंही नसतं.

इचलकरंजीकर

पहिला क्रमांक हाच. बाकी चर्चा बंद केली तरी चालेल.

खादाडखंडू

पहिला दवाखाना, दुसरं आइस्क्रीम. घशाच्या दृष्टीने क्रम बरोबर आहे.

निळीशाई (शनिवार, दुपारी ३:१५)

मंडळी, नकाशा झाला. काल शाळेत दिला. लेकीने निवडलेल्या पाच जागा :

दवाखाना, आणि बाहेर छत्र्या घेतलेल्या आज्या. (सात काढल्यात. प्रत्येकीच्या हातात थर्मास.) आइस्क्रीमची गाडी, "हे आपल्या आधी आलेले दूरचे लोक" असं खाली लिहून. मरेंच्या चौकातला बोगदा आणि त्याच्या तोंडाशी तिच्याएवढीच धागा जोडणारी मुलगी, अनवाणी. अनिता स्ट्रीट, सॅनिटरीतली तीन अक्षरं खोडून दाखवून. आणि पाचवी जागा आमच्या घरातला खांब. मी म्हटलं, घर नको म्हणाली होतीस ना? तर म्हणाली, "हे घर नाही, हा खांब आहे."

कडेला दोन बाण आहेत. एक अमेरिकेकडे, 'ज्यांनी कापूस वेचला' असं लिहून. दुसरा मुंबईकडे, त्यावर माझ्या आजोबांचं नाव.

शिक्षिकेने वर्गात विचारलं की मुंबईत अशी वस्ती कुठे आहे. लेकीला सांगता आलं नाही. घरी आल्यापासून मागे लागली आहे की लालबागचाही नकाशा करायचा, पाचच जागांचा. काळाचौकी काका, हे आता तुम्हीच सांगायचं. ती कागद घेऊन बसली आहे.

काळाचौकी

ताई, तिला म्हणावं पेन्सिल घे, शाई नको, कारण मी दहा वेळा बदलणार.

भारतमाता सिनेमा, कारण तो अजून उभा आहे आणि तिथे मराठी चित्रपट लागतो. गणेश गल्ली, १९२८पासूनचा गणपती. परळचं कामगार मैदान, सभांसाठी. चौथी आमची चाळ, तिसऱ्या मजल्याचा सज्जा, तिथून तीन गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. तिन्ही काढायला सांगा, धुरासकट. पाचवी आईची खानावळ, जिन्याखालच्या दोन खोल्या. आता तिथे कुरिअरवाल्याचं गोदाम आहे. रविवारी जाऊन फोटो काढतो आणि पाठवतो. दार कोणत्या बाजूला होतं ते तिला नीट कळलं पाहिजे.